भिंतीवरच्या शेवाळावरून हवेतले जड धातू मोजता येतील का? (पणजी, मडगाव, वास्को)

सांतिनेजकर

नमस्कार मंडळी. विज्ञान मंडळाच्या बारावी-एफवायच्या मुलांकडून एक प्रकल्प करून घ्यायचा आहे. हवेतले जड धातू महागड्या यंत्रांशिवाय शेवाळावरून कळतात, असं वाचलं. अमेरिकेत पोर्टलंड शहरात असं केल्याचाही उल्लेख होता. आपल्याकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या प्रत्येक कुंपणावर शेवाळच शेवाळ, म्हणजे कच्चा माल फुकट!

बेत असा: पणजीत 8 जागा, मडगावात 6, वास्कोत 6, फोंड्यात 2 आणि तुलनेसाठी स्वच्छ हवेच्या 2, मिळून 24. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, जस्त, तांबं आणि आर्सेनिक तपासायचं. प्रश्न असे की भिंतीवरचं खरवडलं तर चालेल का, कधी गोळा करायचं, किती, प्रयोगशाळेला नेमकं काय सांगायचं, आणि आकडे हातात आल्यावर सरकारी मानकांशी ताडून पाहता येतील का? शिवाय डिचोली-साखळीकडच्या शेवाळात लोहखनिजाच्या खाणी चालू असतानाचं आणि 2018 मध्ये बंद झाल्यानंतरचं वेगवेगळं ओळखू येईल का?

हरितापर्ण

आधी शब्दाचा घोळ निस्तरू या, कारण नमुना चुकण्याची सुरुवात तिथेच होते. मराठीत आपण हिरवं, बुळबुळीत दिसेल त्या सगळ्याला शेवाळ म्हणतो. चिऱ्याच्या भिंतीवर पावसानंतर जो काळा थर राहतो तो नील-हरित शैवालांचा, त्याला पानं नसतात. तुम्हाला हवी ती मखमलीसारखी मऊ उशी. भिंगातून पाहिलं तर तिला बारीक खोड आणि पानं दिसतात. पाठ्यपुस्तकात तिला मॉस किंवा हरिता म्हणतात. आमटीतलं दगडफूल तिसरंच. ते बुरशी आणि शैवालाचं एकत्र बिऱ्हाड असतं. त्यावरूनही प्रदूषण मोजतात, पण पद्धत वेगळी आहे.

मॉस उपयोगी पडतं याचं कारण त्याच्या शरीररचनेत आहे. मातीतून पाणी ओढणारी खरी मुळं नाहीत, पानांवर मेणाचा थर नाही, आणि बहुतेक जातींत पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं. त्यामुळे पाणी आणि क्षार वरून, हवेतून आणि पावसातून घ्यावे लागतात. पेशीभित्तिकेवरच्या ऋणभारित जागा शिसं, तांबं, कॅडमियम यांचे धनभारित आयन धरून ठेवतात. धुळीचे कण पानांच्या खाचांत अडकतात ते वेगळेच.

आता तुमची भिंत. आपल्याकडच्या भिंतींवर सर्रास दिसणारी जात म्हणजे हायोफिला इन्व्होल्युटा. उंची जेमतेम एक सेंटिमीटर, खाली चिरा किंवा सिमेंटचा गिलावा, त्यावर जुना चुना, कधी रंगाचे पापुद्रे. खरवडताना हे सगळं सोबत येतं. मग तुम्ही मोजता ते क्रोमियम चिऱ्यातलं आणि शिसं जुन्या रंगातलं. हवा बिचारी बाजूलाच राहते. शिवाय पत्र्याच्या पन्हळीखाली मॉस हमखास दाट वाढतं, आणि त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो.

माडाच्या खोडावर फिकट, पांढरट-हिरव्या गाद्या दिसतात, त्या ऑक्टोब्लेफारम अल्बिडमच्या. भिंतीपेक्षा त्या कितीतरी बऱ्या, कारण खाली माती नाही. पण एक खोट आहे. तिच्या पानात पोकळ पेशींचे जास्तीचे थर असतात, त्यामुळे युरोपातल्या जातींचे आकडे तिला लावता येत नाहीत. आणि झावळ्यांवरून खोडावर ओघळणारं पाणी वरची धूळ धुऊन तिच्यावर आणतं.

युरोपात हे काम स्वीडनच्या र्‍यूलिंग आणि टायलर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. 1990 पासून दर पाच वर्षांनी तिथले अनेक देश एकाच पद्धतीने नमुने घेतात. त्यांचे नियम आपल्याला तसेच्या तसे लागू होत नाहीत: मोठ्या रस्त्यापासून आणि दाट वस्तीपासून 300 मीटर लांब, झाडाच्या छत्रीबाहेर निदान 3 मीटर. पणजीत अशी जागा शोधता शोधता मांडवीत पाय बुडतील. त्यांच्या हायलोकोमियम स्प्लेंडेन्स या जातीला दरवर्षी एक नवी पायरी फुटते, म्हणून शेवटच्या तीन वर्षांची वाढ कापून घेता येते. आपल्या भिंतीवरच्या जातींना अशी पायरी नाही, वय कळत नाही. त्यामुळे खाणी बंद होण्याआधीचं आणि नंतरचं वेगळं करण्याचा नाद सोडा.

शहरासाठी मॉसच्या पिशव्या टांगा. गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी वेल्समधल्या स्वान्सी खोऱ्यात 1971 मध्ये ही पद्धत मांडली. धुतलेलं, एकाच खेपेचं मॉस जाळीच्या पिशवीत भरायचं, ठराविक दिवस टांगायचं, मग काढून तपासायचं. सगळीकडे जात तीच, सुरुवातीचा आकडा माहीत, मुदत माहीत. तुमच्या 24 जागांना हेच सोयीचं.

नायट्रिक

वरच्याशी सहमत. पिशव्यांची कृती देतो. मापं तुमच्या 24 जागांसाठी काढली आहेत.

प्रत्येक जागी 3 पिशव्या, म्हणजे 72. न टांगता बंद डब्यात ठेवायच्या 5. आणि जिथे टांगणार तिथपर्यंत नेऊन, न उघडता परत आणायच्या 3. एकूण 80. पिशवीत 3 ग्रॅम, म्हणजे 240 ग्रॅम. काटक्या, चुरा, धुताना गेलेलं धरून सुरुवातीला 350 ग्रॅम घ्या.

मॉस स्फॅग्नम. ऑर्किडच्या कुंड्यांसाठी नर्सरीत वाळवलेलं, दाबलेलं मिळतं. हिरव्या रंगात रंगवलेलं घेऊ नका, खत मारलेलंही नको. सगळं एकाच खेपेचं घ्या. दोन गठ्ठे दोन महिन्यांच्या अंतराने घेतले तर सुरुवातीचा आकडाच दोन होतो.

भिजवून वरच्या 3-4 सेंटिमीटरचे तुरे कापा, तपकिरी बुडखे टाका. 25-25 ग्रॅमच्या खेपा करा. एका खेपेला 2 लिटर ईडीटीए, ताकद 10 मिलिमोलर. डायसोडियम डायहायड्रेट मीठ असेल तर लिटरला 3.72 ग्रॅम. 20 मिनिटं हलवत ठेवा. ईडीटीए मॉसवर आधीपासून बसलेले धातू उचलतं. मग डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा, दर वेळी अडीच लिटर, 20 मिनिटं. 14 खेपांना ईडीटीए साधारण 105 ग्रॅम आणि पाणी 130 लिटरच्या वर लागेल, त्याची सोय आधी करा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरणार असाल तर त्याचाही एक नमुना प्रयोगशाळेत द्या. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरलं की सगळं मुसळ केरात.

नंतर ओव्हन: 50, 80, 100 अंश, प्रत्येकी 8 तास. मॉस मरतं, आणि तेच हवं. जिवंत मॉस कुठे वाढतं, कुठे सुकतं, कुठे कुजतं, आणि मग फरक हवेचा की तब्येतीचा ते सांगता येत नाही. मेलेलं मॉसही आयन धरतं, धूळही धरतं.

जाळी पांढरी नायलॉनची, 2 मि.मी. भोकाची. मच्छरदाणीची वीण फार बारीक, तिच्यावरच धूळ बसते. जाळी आम्लात घालू नका, नायलॉन खराब होतं. मॉससारखीच ईडीटीएत आणि पाण्यात धुवा. चपटी पिशवी 12 × 12 सेंटिमीटर, तीन बाजू तंगुसाने शिवायच्या. दोन्ही बाजू मिळून 288 चौ. सेंटिमीटर, त्यात 3 ग्रॅम, म्हणजे चौ. सेंटिमीटरला साधारण 10 मि.ग्रॅ. हे प्रमाण सगळीकडे सारखं ठेवा. जास्त कोंबलं तर आतल्या मॉसला हवा लागतच नाही आणि किलोमागचा आकडा खोटाच कमी येतो. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पिशवी गुबगुबीत दिसली म्हणजे चांगली भरली असं वाटतं.

हातमोजे पावडर नसलेले. कात्री सिरॅमिकची मिळाली तर उत्तम.

सांतिनेजकर

फारच उपयोगी. दोन शंका. एक, घरात शेडनेटची हिरवी जाळी पडून आहे, भोकं साधारण तेवढीच आहेत. ती चालेल? दोन, पावसाळ्यात टांगलं तर मॉस ओलं राहील आणि जास्त धातू धरेल ना?

नायट्रिक

हिरवी जाळी नको. तो हिरवा बहुधा थॅलोसायनीन ग्रीन असतो, आणि त्या रंगद्रव्याच्या रेणूच्या मधोमध तांब्याचा अणू बसलेला असतो. तांबं मोजायला निघालात आणि तांब्याच्या पिशवीत मॉस ठेवलंत. पीव्हीसीच्या पाइपवर टांगू नका, त्यात शिशाचे स्थिरीकारक असू शकतात. जीआय तार म्हणजे जस्ताचा मुलामा. बांबू आणि तंगूस, बस्स.

हरितापर्ण

पावसाळ्याबद्दल. ओलं मॉस धातू चांगले धरतं हे खरं, पण गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मि.मी. पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. इतक्या पाण्यात हवेतली धूळ आधीच खाली बसलेली असते, पिशवीत अडकलेले कण धुऊन जातात, आणि मेलेल्या मॉसवर बुरशी चढते. शिवाय समुद्रावरून येणाऱ्या पावसात मीठ असतं. त्यातले सोडियम आणि मॅग्नेशियम पेशीभित्तिकेवरच्या त्याच जागांसाठी भांडतात आणि मँगनीजसारख्या सैल बसलेल्या धातूंना हुसकावून लावतात. किनाऱ्यावरच्या मिरामारची आणि आतल्या फोंड्याची पिशवी मग एका मापाने मोजता येत नाही.

कोरड्या दिवसांत टांगा. पहाटेचं दव मॉसला पुरेसं ओलावतं. सहा आठवडे ठेवा. तारखा मात्र सणवार बघून ठरवा. नरकासुराच्या रात्रीचे आणि दिवाळीचे फटाके बेरियम, स्ट्रॉन्शियम, तांबं, अँटिमनी सोडतात. डिसेंबरात फेस्त, मग नाताळ, 31 ला म्हातारा (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळणं, पुन्हा फटाके. 8 जानेवारी ते 19 फेब्रुवारी हे 42 दिवस त्यातल्या त्यात मोकळे आहेत. कार्निव्हल मध्ये येत असेल तर मिरवणुकीच्या रस्त्यावरची जागा टाळा.

सडेकर

टांगण्याच्या जागांबद्दल. प्रबंधांत जमिनीपासून 4 मीटर सापडेल. आपल्याकडे पहिल्या मजल्याची बाल्कनी साधारण तेवढीच असते. भिंतीपासून मीटरभर बाहेर बांबू काढा, त्याला पिशवी मोकळी लटकवा. भिंतीला टेकली की गिलाव्याचं सिमेंट पिशवीत. पन्हळीच्या आणि एसीच्या पाण्याखाली नको. एसीच्या नळीतलं पाणी तांब्याच्या कॉइलवरून आणि ॲल्युमिनियमच्या पंखांवरून आलेलं असतं. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसमोर नको. विजेच्या खांबाचा विचारही करू नका: परवानगी मिळत नाही, खांबाचा रंग आणि मुलामा नमुन्यात येतो, आणि जिवाचा धोका तो वेगळाच.

पक्षी घरट्यासाठी मॉस उपसतात. तीन पिशव्या एकाच बांबूवर असतील तर तिन्ही जातात. एकाच इमारतीत दोन बाजूंना लावा.

वास्कोबद्दल एक सावधगिरी. लोकांची तक्रार बंदरातल्या कोळशाच्या भुकटीची आहे आणि मुलं उत्साहाने म्हणतील की मॉस ती पकडेल. भुकटी पकडेलही, पण तुम्ही मोजताय धातू. न जळलेल्या कोळशात शिसं-कॅडमियम थोडंच असतं, त्यामुळे पिशवी काळी होईल आणि अहवालात आकडे साधेच येतील. मग एखादा त्या अहवालावरून कोळसा नाहीच म्हणायला मोकळा! वास्कोच्या जागी शेजारी पेट्रोलियम जेली लावलेली काचपट्टी ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळे, टोकदार कण मोजा. जहाजांच्या जड इंधनाची खूण व्हॅनेडियम आणि निकेल एकत्र वाढलेले दिसणं, तर तुमच्या यादीत व्हॅनेडियम घाला. 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर 0.5 टक्क्याची जागतिक मर्यादा आली, त्यानंतर ही खूण पुसट झाली आहे.

कुळागर

स्वच्छ हवेची जागा म्हणून बरेच जण डोळे मिटून पोफळीची बाग निवडतात. तिथे कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याच्या मिश्रणात 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो चुना. फवारा शेंड्यावर जातो आणि खोडावरून खाली ओघळतो. अशा कुळागरातलं तांबं भर बाजारपेठेपेक्षाही जास्त येऊ शकतं. माडाच्या खोडावरचं मॉस घेणार असाल तरी शेजारी पोफळ आहे का ते बघून घ्या.

अभयारण्यात, म्हणजे मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी इथे जाणार असाल तर वन खात्याची लेखी परवानगी महिनाभर आधी मागा. पिशवी टांगायला सुद्धा.

चिरेखाण

इतका वेळ सगळे पिशवीबद्दल बोलताहेत, पण गोव्यात हा प्रयोग फसतो तो मातीपायी. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जानेवारीत पिशवीवर जी तांबडी झाक येते ती जांभ्याच्या, म्हणजे चिरे ज्याचे काढतात त्या तांबड्या दगडाच्या, धुळीची. जांभा तयार होताना सिलिका आणि चुना विरघळून वाहून जातात. लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम मागे राहतात, आणि त्यांच्यासोबत क्रोमियम आणि व्हॅनेडियमही साचून राहतात. म्हणजे रस्त्याकडेची नुसती निरुपद्रवी लाल माती उडाली तरी पिशवीत क्रोमियम वाढतं. अहवालात "क्रोमियम चौपट" वाचून मुलं जवळच्या औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवतील, आणि कारण असेल समोरचं खोदकाम.

यावर उपाय म्हणजे मातीशी गुणोत्तर काढणं. प्रत्येक धातूला ॲल्युमिनियमने भागायचं, पिशवीतही आणि मातीतही, मग पिशवीतलं गुणोत्तर भागिले मातीतलं. याला समृद्धी गुणांक म्हणू. 1 ते 2 आलं तर ती मातीच. 10 च्या वर गेलं तर दुसरा स्रोत नक्की. मधला भाग संशयाचा.

समजा (आकडे केवळ गणितासाठी घेतलेत) स्थानिक मातीत किलोमागे ॲल्युमिनियम 60,000 मि.ग्रॅ., क्रोमियम 300, शिसं 20. पिशवीत सुरुवातीच्या आकड्यापेक्षा वाढ अशी: ॲल्युमिनियम 1,200, क्रोमियम 7, शिसं 3. क्रोमियमचं गुणोत्तर मातीत 0.005, पिशवीत 0.0058, भागाकार 1.2 च्या आत. माती! शिशाचं मातीत 0.00033, पिशवीत 0.0025, भागाकार साडेसात. इथे चौकशीला जागा आहे. नुसत्या आकड्यांकडे पाहिलं असतं तर 7 हा 3 पेक्षा मोठा म्हणून क्रोमियमच्याच मागे लागला असता. याच आकड्यांवरून आणखी एक कळतं: 1,200 भागिले 60,000, म्हणजे मॉसच्या वजनाच्या 2 टक्के माती. 3 ग्रॅमच्या पिशवीत 60 मि.ग्रॅ.

आता यातली मेख. पुस्तकांत मातीच्या जागी पृथ्वीच्या कवचाची सरासरी वापरतात: ॲल्युमिनियम साधारण 8 टक्के, क्रोमियम किलोमागे 90-100 मि.ग्रॅ. ती सरासरी वर घातली तर क्रोमियमचा गुणांक 1.2 ऐवजी 5 च्या आसपास येतो. जांभ्याच्या प्रदेशात ही सरासरी वापरायची नाही. आपली माती आपणच तपासायची.

माती कुठली घ्यायची? रस्त्याकडेची वरची नको, कारण तिच्यात वाहनांचं जस्त-शिसं आधीच मिसळलंय आणि ती छेदात घातली की प्रदूषण गणितातून गायब होतं. शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं 2000 च्या फेब्रुवारीत, पण शिसं मातीतून कुठे जात नाही. घरबांधणीसाठी डोंगर कापलेली जागा शोधा, पृष्ठभागापासून 30 सेंटिमीटर खालची माती घ्या, वाळवून 63 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. चाळणी नायलॉनची, पितळेची नको. प्रत्येक शहराला निदान दोन नमुने. आणि मॉसला ज्या आम्लात विरघळवलं त्याच आम्लात, त्याच तापमानाला माती विरघळवा. नायट्रिक आम्ल सिलिकेट पूर्ण फोडत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियम कमीच उतरतं. दोन्हीकडे सारखंच कमी उतरलं तर गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं.

छेदात लोह का नको, असं कुणीतरी विचारेलच. डिचोली, साखळी, सांगे भागात खनिजाची धूळ हाच एक स्रोत आहे. ज्याला शोधायचं त्यालाच मापदंड करून कसं चालेल?

सडेकर

मग खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यावर लोह वाढलं तर ते खाणीचं, असं म्हणायला हरकत नाही ना?

चिरेखाण

नुसतं लोह वाढलं म्हणून नाही. लोह आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर बघा. जांभ्याच्या धुळीत दोन्ही बरोबरीने वाढतात. हेमटाइट-गोएथाइटच्या खनिजात लोहाच्या मानाने ॲल्युमिनियम फार थोडं, त्यामुळे खनिजाची धूळ असेल तर गुणोत्तर स्थानिक मातीच्या कितीतरी वर जातं. मँगनीजही सोबत चढलं तर पुरावा आणखी पक्का. वारा मात्र विसरू नका. पहाटे घाटाकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून आत. सहा आठवड्यांच्या पिशवीत दोन्ही दिशा एकत्र होतात, म्हणून एका पिशवीवरून दिशा सांगता येत नाही. रस्त्यापासून 10, 50, 200 मीटरवर तीन जागा एका रेषेत लावल्या आणि आकडा उतरत गेला, तर बोलता येईल.

नायट्रिक

प्रयोगशाळेचं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नका. मान्यता कशावरच्या कोणत्या चाचणीसाठी आहे ते बघा. पाण्यातल्या शिशाची मान्यता मॉसला कामाची नाही.

त्यांना हे सांगा: सुकवण 40 अंशावर, वजन स्थिर होईपर्यंत. 0.5 ग्रॅम मॉस, 8 मि.लि. 65 टक्के नायट्रिक, 2 मि.लि. 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बंद भांड्यात मायक्रोवेव्ह, 180 अंशाच्या वर, मग 50 मि.लि. पर्यंत पाणी. भट्टीत 550 अंशाला राख करून देतो म्हणाले तर नको म्हणा. कॅडमियम, आर्सेनिक आणि काही शिसं धुराबरोबर निघून जातं. दळायला स्टीलचं मिक्सर नको, पात्यांतून क्रोमियम आणि निकेल येतं. अगेटचा खल वापरायला सांगा.

यंत्र आयसीपी-एमएस, म्हणजे आरगॉनच्या प्लाझ्मात आयन करून त्यांच्या वजनावरून धातू मोजणारं. साध्या ज्वालेच्या एएएसवर (धातू किती प्रकाश शोषतो त्यावरून मोजणारं यंत्र) भागवू नका. गणित करून बघा: मॉसमध्ये कॅडमियम किलोमागे 0.2 मि.ग्रॅ. असेल तर अर्ध्या ग्रॅमात 0.1 मायक्रोग्रॅम, तो 50 मि.लि. मध्ये, म्हणजे लिटरला 2 मायक्रोग्रॅम. ज्वालेच्या एएएसची झेप जेमतेम तिथवर. अहवालात सगळीकडे "आढळले नाही" येईल आणि मुलं हवा शुद्ध समजतील. जस्त आणि लोहाला मात्र एएएस चालतं, पैसे वाचवायचे असतील तर ते दोन तिथे द्या.

आयसीपी-एमएसवर घालण्याआधी द्रावण आणखी पाच पट पातळ करावं लागतं, कारण आम्ल 10 टक्क्यांच्या आसपास असतं आणि यंत्राला 2 टक्के मानवतं. किनाऱ्यावरच्या नमुन्यांना एक खास धोका आहे. मिठातलं क्लोरीन यंत्रातल्या आरगॉनशी जोडलं जाऊन 75 वजनाचा आयन होतो, आणि आर्सेनिकही 75 च. क्लोरीन आणि ऑक्सिजन मिळून 51, ते व्हॅनेडियमच्या गळ्यात. उरलेला कार्बन आरगॉनशी मिळून 52, ते क्रोमियमच्या. असे जोडआयन गाळणाऱ्या हेलियमच्या कोलिजन सेलमध्ये मोजा असं लेखी सांगा. नाहीतर मिरामार आर्सेनिकचं आगर ठरेल.

तपासणीची तपासणी: दर दहा नमुन्यांमागे एक दुबार, प्रत्येक खेपेत कोरं आम्ल, आणि प्रमाणित मॉस. फिनलंडची एम2 आणि एम3 ही मॉसची संदर्भद्रव्यं आहेत, एम2 मध्ये धातू जास्त, एम3 मध्ये पार्श्वभूमीइतके. ती नसतील तर वनस्पतीचं दुसरं कुठलंही प्रमाणित द्रव्य. अपेक्षेच्या 80 ते 120 टक्क्यांत उत्तर आलं नाही तर ती खेप परत करायला सांगा. हे आधीच कागदावर ठरवलं नसेल तर नंतर कुणी ऐकत नाही.

आणि कोणत्या वाढीला वाढ म्हणायचं? न टांगलेल्या पाच पिशव्यांची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं. त्याच्या खालचं काही बोलू नका. स्फॅग्नमचं जस्त मुळातच कमीजास्त असतं, तिथे ही रेघ बरीच वर जाते.

हरितापर्ण

मानकांचा प्रश्न राहिला. भारताची 2009 ची हवेची मानकं घनमीटरवर आहेत: शिसं वर्षाला सरासरी 0.50 मायक्रोग्रॅम, आर्सेनिक 6 नॅनोग्रॅम, निकेल 20 नॅनोग्रॅम. कॅडमियम त्या यादीत नाहीच. तुमचे आकडे मॉसच्या किलोवर आहेत. किलोवरून घनमीटरवर जायला सोपा रस्ता नाही, कारण पिशवीतून किती हवा गेली ते कुणी मोजलेलं नाही. त्यामुळे "मानकापेक्षा जास्त" हे शब्द अहवालात एकदाही येऊ देऊ नका. "पाटोची पिशवी ताळगावच्या पिशवीच्या तिप्पट" एवढं म्हणता येतं.

पोर्टलंडमध्येही तेच केलं. अमेरिकी वन सेवेच्या संशोधकांनी 2013 मध्ये शहरभरच्या झाडांवरून ऑर्थोट्रायकम लायली या मॉसचे 346 नमुने घेतले. कॅडमियमचे उंचवटे रंगीत काचेच्या दोन कारखान्यांजवळ निघाले. मग राज्याच्या पर्यावरण खात्याने तिथे हवेचं यंत्र लावलं, आणि त्यात कॅडमियमबरोबर आर्सेनिकही सापडलं. मॉसने यंत्र कुठे लावायचं ते सांगितलं, हवेतला आकडा यंत्राने दिला. 346 हा आकडा नीट बघा. 24 जागांत शहराचा नकाशा रंगवता येत नाही, त्यामुळे संगणकाला मधल्या जागा भरायला सांगून लाल-पिवळे ढग काढू नका. ठिपके काढा आणि ठिपक्याशेजारी आकडा लिहा.

सांतिनेजकर

सगळ्यांचे आभार. सुधारलेला बेत: शहरं तीनच, फोंडा गाळलं. पणजी 7, मडगाव 5, वास्को 5, त्यातल्या 3 वास्कोत रस्त्यापासून एका रेषेत. दोन पार्श्वभूमीच्या, कुळागराबाहेर. मातीचे 6 नमुने. यादीत ॲल्युमिनियम, लोह, मँगनीज, व्हॅनेडियम, अँटिमनी वाढवलं. टांगणी 8 जानेवारी. शेवटचा प्रश्न: पिशव्या डिसेंबरात शिवून झाल्या तर महिनाभर कशात ठेवायच्या? घरी फॉइल आहे.

चिरेखाण

फॉइल अजिबात नको! ॲल्युमिनियम तुमच्या सगळ्या भागाकारांच्या छेदात आहे.

नायट्रिक

पॉलिथिनच्या झिपच्या पिशव्या, दोन आवरणं, कोरड्या डब्यात. खूणचिठ्ठी कागदावर पेन्सिलीने लिहा आणि दोन आवरणांच्या मध्ये ठेवा. मार्करची शाई आणि स्टेपलरची पिन दोन्ही मॉसपासून लांब. आणि 19 जागा झाल्या तरी न टांगायच्या 5 पिशव्या 5 च ठेवा, त्यात काटकसर करू नका.